कामाची जागा कुठून मोजायची?

दोह्याच्या उत्तरेला, वेस्ट बेच्या काचेच्या मनोऱ्यांपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर, समुद्रात भर घालून केलेलं एक बेट आहे. त्याचं नाव द पर्ल. सुमारे ४०० हेक्टर जमीन, ३२ किलोमीटरचा नवा किनारा, पोर्तो अरेबियाच्या बोटींच्या धक्क्याभोवती उभे असलेले उंच मनोरे, कनात क्वार्टियरमधले कालवे आणि रंगीत घरं. मोती काढणारे पाणबुडे पूर्वी ज्या भागात उतरत, तिथेच हे बेट उभं राहिलं. कतारने २००४ साली परदेशी माणसाला ठरावीक भागांत मालकीहक्काने घर घ्यायची मुभा दिली, त्या भागांत द पर्लचं नाव अगदी सुरुवातीपासून होतं. वायू कंपन्यांतले अभियंते, बँकांतले अधिकारी, डॉक्टर, सल्लागार अशी मंडळी इथे राहतात. त्यांत मराठी कुटुंबंही आहेत.

ही मंडळी सकाळी बेटाबाहेर कामाला जातात. त्याच सुमाराला दुसरी माणसं बसमधून बेटावर कामाला येतात. लॉबीतले सुरक्षारक्षक, सफाई कामगार, माळी, लिफ्टचे आणि एसीचे तंत्रज्ञ, रेस्टॉरंटमधले आचारी आणि वाढपी. एकाचं राहतं घर ही दुसऱ्याची कामाची जागा. कोविडच्या महासाथीने यातला पहिला प्रवाह थांबवला, दुसरा थांबवणं कुणाला परवडणारं नव्हतं. कामाच्या जागेचा फेरविचार म्हणून गेल्या काही वर्षांत जे लिहिलं-बोललं गेलं, ते बहुतेक सगळं पहिल्या प्रवाहाबद्दल आहे. घरून काम, हायब्रिड, आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यायचं, वगैरे. माझं म्हणणं असं आहे की निदान आखातात तरी हा विचार दुसऱ्या टोकापासून, म्हणजे कामगार झोपतो त्या खोलीपासून सुरू व्हायला हवा.

कतारमध्ये पहिला रुग्ण २०२०च्या फेब्रुवारीअखेर सापडला. ११ मार्चला एका दिवसात २३८ रुग्णांची नोंद झाली आणि ते सगळे परदेशी कामगार एकाच निवासी संकुलातले होते. १७ मार्चला दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियाचा मोठा भाग बंद करण्यात आला. गॅरेज, गोदामं, कारखाने आणि त्यांना चिकटून कामगारांच्या राहण्याच्या इमारती, असा हा परिसर. २२ मार्चपासून सरकारी कार्यालयांत २० टक्के लोकांनी यायचं आणि ८० टक्क्यांनी घरून काम करायचं असं ठरलं. २ एप्रिलपासून हाच नियम खाजगी कंपन्यांना लागू झाला. कामाचे तास सहावर आले, कामगारांच्या बसमध्ये निम्मीच माणसं बसवायचा आदेश निघाला आणि घरोघर तासांवर येणाऱ्या सफाई कंपन्यांची सेवा थांबवण्यात आली. १५ जूनपासून टप्प्याटप्प्याने कार्यालयं उघडली, आधी २० टक्के, जुलैत ५० टक्के, पुढे ८०.

त्या उन्हाळ्यात कतारमध्ये रक्तातल्या प्रतिपिंडांच्या दोन मोठ्या तपासण्या झाल्या. एक शहरी वस्तीची, म्हणजे कुटुंबासह किंवा स्वतंत्र घरात राहणाऱ्यांची. त्यात सुमारे १३ टक्के लोकांना आधी लागण होऊन गेल्याचं दिसलं. दुसरी कारागीर आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्या कामगारांची. त्यात हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या घरात होतं. देश एकच, ऋतू एकच, विषाणू एकच, हवामानही तेच. कतारच्या लोकसंख्येत या कामगारांचा वाटा सुमारे ६० टक्के आहे. मृत्यूंचा आकडा मात्र पुढच्या लाटा धरूनही सातशेच्या आत राहिला. कामगारांतले बहुतेक जण तरुण होते आणि रुग्णालयांची व्यवस्थाही चांगली होती, म्हणून हे निभावलं. वयस्क लोकसंख्येच्या देशात ५५ टक्के लागण म्हणजे हाहाकार झाला असता.

हा चौपट फरक कशाने पडला? हातात पाना किंवा झाडू असला म्हणून विषाणू जास्त चिकटत नाही. फरक पडला तो खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बस सामाईक असण्याने. कतारच्या २०१४च्या नियमांप्रमाणे कामगारांच्या निवासात माणशी किमान ६ चौरस मीटर जागा हवी आणि एका खोलीत चारांपेक्षा जास्त माणसं नकोत. सहा चौरस मीटर म्हणजे साधारण आठ फूट बाय आठ फूट. त्यात पलंग, कपाट, बॅग, गावाकडे न्यायला घेतलेल्या वस्तू आणि श्वास घ्यायला लागणारी हवा, सगळं आलं. नियम तंतोतंत पाळला तरी चौघांची हवा एकच राहते. शिवाय चौघं वेगवेगळ्या इमारतींत ड्युटी करत असतील, तर रात्री चार इमारतींची हवा त्या खोलीत एकत्र येते. ऑफिसात कितीही अंतर ठेवून टेबलं मांडली, तरी या खोलीतलं गणित बदलत नाही.

कतारच्या श्रम कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि राहत्या जागेपासून कामाच्या जागेपर्यंत जाण्या-येण्याचा वेळ त्यात धरला जात नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी कामाची जागा फाटकापाशी सुरू होते. घरून काम करणाऱ्यांना महासाथीत जो सर्वांत मोठा लाभ झाला, तो नेमका या न मोजलेल्या वेळेचा. बसमधून येणाऱ्याला तो मिळाला नाही. खोली मालक देतो, बस मालक पाठवतो, कुठल्या खोलीत कोण राहणार हेही मालक ठरवतो. मग ती खोली आणि ती बस कामाच्या जागेचाच भाग मानायला अडचण कोणती?

मुंबईने हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी गिरवला होता. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग दिसला, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि पुढच्या काही महिन्यांत गिरण्यांतले कामगार कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी निघून गेले. गिरण्या चालू ठेवायला माणसं मिळेनात, तेव्हा महिन्याच्या पगाराची रीत मोडून मालकांना रोजच्या रोज मजुरी चुकती करावी लागली. पेच मजुरांच्या बाजूने होता तेवढ्यापुरतीच ही सवलत टिकली. १८९८ साली सरकारने बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. समुद्रावरचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले गेले, पुढे दादर-माटुंगा आखलं गेलं. हवा आणि रोग यांचा संबंध त्या लोकांनी गंभीरपणे घेतला होता, हे मानावंच लागेल. पण रस्त्यांसाठी जी घरं पाडली, त्या मानाने गरिबांसाठी बांधलेली घरं फारच अपुरी पडली आणि उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहायला गेली. मोकळी हवा ऐपतवाल्यांच्या वाट्याला आली. दोह्यातला फेरविचार वाचताना मला हे वारंवार आठवतं.

आता हवेकडेच वळू, कारण द पर्लवर हा विषय फार रंजक आहे आणि त्यात एक गैरसमज ठाण मांडून बसला आहे.

या बेटावरच्या मनोऱ्यांत प्रत्येक फ्लॅटला बाहेर लटकणारा एसी नसतो. थंडावा नळातून येतो. कतार कूल या कंपनीचा बेटावर शीतकरणाचा एक मोठा प्रकल्प आहे, २०१० साली सुरू झालेला. त्याची क्षमता १,३०,००० टन. एसीच्या भाषेत टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता काढून घेण्याची ताकद. आपल्याकडे बेडरूममध्ये दीड टनाचा एसी लावतात. त्या हिशेबाने हा प्रकल्प अशा ८६ हजारांहून जास्त एसींच्या तोडीचा आहे. तिथे पाणी थंड केलं जातं, जमिनीखालच्या पाइपांतून इमारतींत पाठवलं जातं आणि उष्णता शोषून परत आणलं जातं. याला डिस्ट्रिक्ट कूलिंग म्हणतात. प्रत्येक इमारतीने आपापले चिलर चालवण्यापेक्षा यात वीज बरीच कमी लागते.

पण पाइपातून येतं ते फक्त थंड पाणी. हवा येत नाही. खोलीच्या छतात बसवलेलं फॅन कॉइल युनिट खोलीतलीच हवा ओढतं, थंड पाण्याच्या नळ्यांवरून फिरवतं आणि परत खोलीत सोडतं. ताजी हवा आणायची तर वेगळं यंत्र लागतं. ते बाहेरची हवा आत घेतं, गाळतं, थंड करतं, तिच्यातला दमटपणा काढतं आणि मग डक्टमधून खोल्यांत पोचवतं. हे काम महागडं आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात दोह्यात पारा चाळिशीपलीकडे असतो आणि समुद्रावरचा दमट वारा घुसमटवून टाकतो. अशा हवेतली वाफ पाणी करून काढायला, हवा थंड करण्याइतकीच किंवा जास्त ऊर्जा लागते. साहजिकच वीजबिल वाचवायचं म्हटलं की पहिली कात्री ताज्या हवेला लागते. थंड खोलीत बसलेल्या माणसाला ते कळतही नाही. थंड हवा स्वच्छच असणार असं शरीर गृहीत धरतं.

हाच तो गैरसमज. तो किती महागात पडतो हे सोलमध्ये दिसलं. २०२०च्या मार्चमध्ये तिथल्या एका १९ मजली इमारतीच्या अकराव्या मजल्यावरच्या कॉल सेंटरमध्ये २१६ पैकी ९४ कर्मचाऱ्यांना लागण झाली. त्यातले बहुतेक मजल्याच्या एकाच बाजूला बसणारे होते. इमारतीतल्या इतर मजल्यांवरच्या लोकांशी त्यांची लिफ्टमध्ये, लॉबीत गाठ पडतच होती, तरी तिथे रोग फारसा पसरला नाही. तासन्‌तास एकाच हवेत बसून बोलत राहणं हे खरं कारण होतं. पण त्या काळात जगभरच्या कार्यालयांनी पैसा ओतला तो टेबलं पुसण्यावर, जमिनीवर पावलांची चित्रं चिकटवण्यावर आणि दारात ताप मोजण्यावर.

हवा ताजी आहे की नाही हे मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. खोलीतला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं मुठीएवढं यंत्र पुरतं. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत ४२०च्या आसपास असतो. बसून काम करणारा माणूस मिनिटाला साधारण ०.३ लिटर सोडतो. बैठकीच्या खोलीत माणशी सेकंदाला १५ लिटर ताजी हवा येत असेल, तर यंत्रावरचा आकडा साडेसातशेच्या आसपास स्थिरावतो. ५ लिटरच येत असेल, तर तो १४००च्या पुढे जातो. हा वायू त्या प्रमाणात घातक नसतो. पण आकडा वर गेला याचा अर्थ आपण दुसऱ्याने सोडलेली हवा पुन्हा आत घेतो आहोत, आणि त्या हवेत विषाणू असला तर तोही. दार बंद करून आठ-दहा माणसं बैठकीला बसवा आणि आकड्याकडे पाहत राहा. अर्ध्या-पाऊण तासात इमारतीची खरी कुंडली समोर येते.

अॅश्रे या एसी-अभियंत्यांच्या संस्थेने २०२३ साली रोगजंतू असलेल्या हवेसाठी २४१ क्रमांकाचं एक मानक काढलं. साथीच्या काळात कार्यालयात माणशी सेकंदाला सुमारे १५ लिटर स्वच्छ हवा मिळाली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. यातली काही बाहेरून आणलेली आणि काही चांगल्या फिल्टरमधून गाळलेली चालते. आखातासाठी ही दुसरी वाट मोलाची आहे, कारण आतलीच थंड हवा नीट गाळली तर वीज फार वाढत नाही. बाहेर टाकायच्या थंड हवेकडून आत येणाऱ्या गरम हवेला आधीच थोडं गार करून घेणारी चक्रंही मिळतात. म्हणजे तंत्र हाताशी आहे. दोह्यात बांधकाम आणि देखभालीच्या कंपन्यांत एमईपीचं, म्हणजे इमारतीतल्या यंत्रणा, वीज आणि नळांचं काम करणारे मराठी अभियंते आहेत. त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अडतं ते एवढ्यावरच की, ही यंत्रं सहसा मनोऱ्याच्या वरच्या मजल्यांसाठी मागवली जातात. तळघरातली सुरक्षारक्षकांची खोली, सफाई कामगारांची जेवणाची जागा, गाडी धुणाऱ्यांचा कोपरा आराखड्यात शेवटी येतात.

घरून काम करण्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचा अभ्यास भरपूर झाला आहे. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीत २०१०-११ मध्ये नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्याने घटलं, तरी शेवटी त्यांतल्या जवळपास निम्म्यांनी ऑफिसला परत यायचं ठरवलं. घरात एकटं वाटतं, हे मुख्य कारण. त्याच कंपनीत दहा वर्षांनी १,६१२ जणांवर आठवड्यातले दोन दिवस घरून अशी पद्धत तपासली. कामात फरक पडला नाही, सोडून जाणारे मात्र एक तृतीयांशाने कमी झाले. हायब्रिडची बाजू यामुळे चांगलीच पक्की झाली आहे.

कतारने हायब्रिड आपल्या पद्धतीने स्वीकारलं. २०२२च्या फुटबॉल विश्वचषकात, १ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर, सरकारी कार्यालयांत पुन्हा २० टक्के हजर आणि बाकीचे घरून अशी व्यवस्था लावण्यात आली, हजर राहणाऱ्यांची वेळ सकाळी सात ते अकरा. साथीतली तालीम रस्ते मोकळे ठेवायला कामी आली. २०२४च्या सप्टेंबरअखेर सरकारी नोकरांसाठी कायम धोरण आलं. सकाळी साडेसहा ते साडेआठमध्ये केव्हाही यावं आणि सात तास भरावेत. घरून काम वर्षातून एक आठवडा, बारा वर्षांखालच्या मुलांच्या आईला वर्षातून एक महिना. सावध पाऊल आहे, पण आहे.

परदेशी नोकरदाराच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. त्याचा कतारमधला निवास-परवाना, म्हणजे आरपी, साधारणपणे नोकरीला बांधलेला असतो आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिलं तर तो धोक्यात येतो. २०२०च्या मे महिन्यात, परदेशात अडकलेल्या भारतीयांना परत आणणाऱ्या वंदे भारत मोहिमेची विमानं दोह्याहून सुटू लागली. त्यातून भारतात गेलेल्या कित्येकांनी पुण्या-मुंबईच्या घरातून दोह्याचं काम केलं आणि १ ऑगस्टपासून लागू झालेल्या विशेष प्रवेश-परवान्याची वाट पाहिली. दोन्ही देशांत अडीच तासांचा फरक, आणि कतारची सुट्टी शुक्रवार-शनिवारी. रविवारी दोहा जागं असताना भारतातलं ऑफिस बंद, शुक्रवारी उलट. दोन्हीकडची टीम एकत्र सापडते ती सोमवार ते गुरुवार.

ही नोकरी आणि मुक्कामाची गाठ २०२०च्या ऑक्टोबरात एका बाजूने सैल झाली. परदेशी मालकीला खुले असलेले भाग वाढवून नऊ करण्यात आले आणि सुमारे २ लाख डॉलरचं घर घेणाऱ्याला नोकरी देणाऱ्या मालकाच्या नावाविना निवास-परवाना मिळण्याची सोय झाली. द पर्लवर घर घेतलेल्या माणसाची नोकरी गेली तरी घर आणि मुक्काम दोन्ही टिकतात. त्याच वर्षी कामगारांसाठीही मोठा बदल झाला. नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं, ते रद्द झालं. मार्च २०२१ पासून १००० रियाल किमान वेतन लागू झालं, राहणं-जेवण मालकाने दिलं नाही तर ५०० आणि ३०० रियाल वेगळे. उन्हात काम करण्यावरची बंदी १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते साडेतीन अशी लांबवली गेली. हे सगळं खरंखुरं पुढचं पाऊल आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

तरी घरात राहून घरकाम करणाऱ्या बाईकडे मात्र फारसं लक्ष गेलं नाही. द पर्लवरच्या अनेक फ्लॅटांत स्वयंपाकघराला लागून मेड्स रूम असते, अगदी छोटी, बहुतेकदा बाहेर उघडणारी खिडकी नसलेली. कतारच्या २०१७च्या कायद्याने घरकामगाराचा दिवस दहा तासांवर बांधला आहे आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी दिली आहे. पण साहेब, बाईसाहेब आणि मुलं दिवसभर घरात असली की तीन वेळचा स्वयंपाक, चहा, मुलांची ऑनलाइन शाळा आणि बैठकीच्या वेळी घर शांत ठेवणं हे सगळं तिच्या अंगावर येतं. आपलं घर ऑफिस झालं, तेव्हा तिच्या कामाचे तास वाढले. याची नोंद कुठल्याच हजेरीपुस्तकात होत नाही. मराठी घरांनी तरी ती ठेवावी, असं मला मनापासून वाटतं.

रत्नागिरी, खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धन या भागांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं आखातात जातात. त्यातली काही पर्लच्या वरच्या मजल्यावर राहतात, काही त्याच इमारतीत गणवेश घालून उभी असतात. ज्यांच्या हातात निर्णय आहे अशी मराठी माणसंही दोह्यात कमी नाहीत, देखभालीचे करार करणारी, कामगारांच्या निवासाची कंत्राटं तपासणारी, मनुष्यबळ विभाग चालवणारी. तुम्ही त्यांपैकी असाल तर पुढच्या करारात माणशी ताज्या हवेचा आकडा लिहून घ्या, निवासाच्या खोल्यांसाठीही आणि बससाठीही. तुम्ही नुसते रहिवासी असाल, तर इमारतीच्या मालक-संघाच्या पुढच्या बैठकीत विचारा, की आपल्या सुरक्षारक्षकांची विश्रांतीची खोली कोणत्या मजल्यावर आहे आणि तिथला कार्बन डायऑक्साइडचा आकडा किती आहे. उत्तर कुणाकडे नसेल, तर मोजायचं यंत्र घेऊन स्वतः खाली जा.